पाय कोणाचे?

मंत्री अनवाणी देवीचा डोंगर चढले, तेव्हा संपादक भास्करराव उकिडवे यांच्या पेपरात मथळा होता, 'मंत्र्यांची निस्सीम भक्ती'. विरोधी आमदार मालतीताई चढल्या, तेव्हा छापून आलं, 'ताईंची अनवाणी नौटंकी'.

त्यानंतर ताईंच्या पत्रकार परिषदेत भास्कररावांनी विचारलंच, "ताई, खरं सांगा, ही श्रद्धा की स्टंट?"

ताईंनी मोबाइलवर एक फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला. देवळाच्या पायरीवर धुळीने माखलेली दोन अनवाणी पावलं होती, घोट्याच्या वरचं काही दिसत नव्हतं.

"याला काय मथळा द्याल?"

भास्कररावांनी चष्मा सारखा केला, फोटो नीट निरखला आणि म्हणाले, "आधी पाय कोणाचे ते सांगा."

सगळे पत्रकार हसायला लागले.

"हेच उद्या छापा," म्हणत ताईंनी निवांतपणे चहाचा कप उचलला.