गौराईचा चुडा

भक्तहो, कांबळगिरी महाराज त्या वर्षी डोंगराच्या पायथ्याशी, उमाटेक गावी मुक्कामाला होते. अंगावर एक कांबळे, तोंडावर सदा हसू, आणि पोरासोरांच्या खोड्या काढण्यात पोरांच्याही पुढे! त्या गावात चैत्रात शिवपार्वतीचे लग्न लागे. अर्धे गाव नवऱ्याकडचे, अर्धे नवरीकडचे. गावातले एक जोडपे नवरीचे आईबाप, म्हणजे पर्वतराज हिमवान आणि मेनाराणी, होऊन कन्यादानाला बसे.

महाराज म्हणाले, "यंदा राघू तेली आणि कोंडाबाई बसतील."

कोंडाबाईला हसावे की रडावे कळेना. तिची कूस उजवली नव्हती. रोज दिव्याचे तेल घेऊन ती देवळात जाई आणि पंचधातूच्या त्या चिमुकल्या पार्वतीशी पोटच्या लेकीसारखी बोलत बसे. "जेवलीस का गं?" असेही विचारी. एकदा तरी तिला आपल्या हाताने सासरी धाडावे, एवढीच बिचारीची आस होती.

भवानराव देशमुखांनी हे ऐकले मात्र, त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "हिमालय कधी घाण्यावर बसतो का? आणि जिला पोर नाही ती कन्यादान करणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!" लग्नाच्या दिवशी जरीचा फेटा बांधून ते खुशाल सपत्नीक पाटावर जाऊन बसले. कोंडाबाई खांबाआड उभी राहिली.

राघू चिडला, तेव्हा महाराज म्हणाले, "बसू दे रे. लेक कुणाची, ते लेकच सांगेल."

हळद लागली. लिंबाजी कासार नवरीच्या, म्हणजे त्या पंचधातूच्या पार्वतीच्या, हातात हिरवा चुडा भरायला बसला. दरवर्षी सरसर चढणारी काकणे अंगठ्याशीच अडली! तेल लावून झाले, तरी तेच. दोन काकणे पिचली. लिंबाजी घाम पुसत म्हणाला, "माप त्येच, हात त्योच. पर नवरी हात आखडून बसलीया, देशमुख!"

देशमुखीणबाईंनी आपल्या सोन्याच्या पाटल्या काढून दिल्या. एवढ्या मोठाल्या, पण त्याही त्या चिमुकल्या हातात चढेनात! चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर उभी कशी राहणार? मुहूर्त जवळ आला. वाजंत्री थांबली. नवऱ्याकडचे दात काढू लागले, "नवरीला आमचा जोगडा पसंत न्हाई वाटतं!"

देशमुख वैतागले. "कानस आणा. अंगठा जरा घासला की झालं."

"नगं वो!" खांबाआडून आवाज फुटला. "लागंल माझ्या लेकराला!"

"धातूला लागतं होय गं?" देशमुख खो खो हसले.

महाराज उठले. आता ते हसत नव्हते. "देशमुख, लेकीच्या हाताला कानस लावणारा बाप कुठं पाहिलात का? ये माय. तुझी पोर रुसली आहे."

कोंडाबाई भुईवरच बसली. मूर्ती मांडीवर घेऊन तिने तो इवलासा हात आपल्या हातात धरला. "काय गं बाय, येवढा राग? सासरी निघाल्या पोरीनं असा हट्ट करू न्हाई. सोड हात ढिला. हिकडं बघ, माझ्याकडं."

आणि काय सांगावे! काकणे एकामागून एक सरसर चढली. मांडवात एकच जयजयकार झाला.

देशमुखांना पटेना. खात्री करायला त्यांनी स्वतः तो हात चाचपला. बोटे मऊ होती, ऊन होती. आणि त्या लहानग्या बोटांनी देशमुखांचे बोट घट्ट धरले!

देशमुखांचा फेटा कुठे गेला, त्यांना भान राहिले नाही. ते कोंडाबाईच्या पायांशी वाकले. "माय, मी तुला नको ते बोललो. तरी तुझ्या लेकीनं मला परकं मानलं नाही गं!"

महाराज टाळ्या पिटत म्हणाले, "पर्वत वाकला रे वाकला! मुलीकडच्यांनी वाकायचंच असतं, देशमुख. आईबाप पाटावर बसू देत. तुम्ही नवरीचे मामा व्हा."

लग्न थाटात लागले. पाठवणीच्या वेळी कोंडाबाईने लेकीची ओटी भरली आणि पदर डोळ्यांना लावला. मामा तर तिच्याहून मोठ्याने रडत होते. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, ते काही केल्या उचलेनात.

"उठा, मामा," महाराज त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरीच्या पालखीला खांदा कोण देणार?"