दोर कुणाच्या हाती

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात विहिरी खणणारी माणसं राहत. त्यांची एक रीत होती. विहिरीत उतरणाऱ्याने काठावर उभं राहून एक नाव घ्यायचं आणि त्याच माणसाने दोर धरायचा. नाव घेणं म्हणजे आपला जीव त्याच्या हाती देणं.

त्या गावात एक म्हातारा होता. त्याच्या एकुलत्या मुलाने एकदा आपल्या मित्राचं नाव घेतलं. दोघांचं बांधावरून भांडण झालं होतं. ते मिटलं असं मुलाला वाटत होतं, पण मित्राच्या मनात राग धुमसत होता. मुलगा अर्ध्यावर उतरला असताना मित्राने दोर सोडला. मुलगा गेला आणि मित्र तुरुंगात गेला.

पुष्कळ वर्षांनी तो सुटून आला. गावात कुणी त्याला दोराला शिवू देईना. म्हातारा दर रविवारी चर्चमध्ये जाई. पण प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याचे शब्द आले की त्याचे ओठ मिटत.

"अहो, मग देवाकडे मागता तरी काय?" एकदा त्याच्या म्हातारीने विचारलं.

"त्याचं वाटोळं व्हावं, एवढंच."

"मीही तेच मागत होते. मग क्रुसाकडे नजर गेली. प्रभू खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागतोय आणि खाली मी शिव्याशाप देतेय. लाज वाटली हो."

"मला नाही जमायचं."

"मला तरी कुठे जमतंय? आता तेवढंच मागते, जमू दे म्हणून."

म्हाताराही तेच मागू लागला. दात-ओठ खात, पण रोज.

उन्हाळ्यात गावची विहीर आटली. तळाचा झरा मोकळा करणं म्हाताऱ्यालाच ठाऊक होतं. सारा गाव काठावर जमला. म्हातारा पुढे आला आणि त्याने नाव घेतलं. आपल्या मुलाला मारणाऱ्याचं!

"म्हातारबा, डोकं फिरलं का?" कुणीतरी ओरडलं. "एकदा सोडलेला दोर तो पुन्हा सोडेल!"

"नाव घेतलंय मी," म्हातारा म्हणाला. त्याने दोराचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं.

गर्दीच्या मागून तो माणूस आला. त्याने दोराचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला घट्ट बांधलं. म्हातारा पडला असता, तर तोही पडला असता.

म्हातारा खाली उतरला. अंधारात म्हाताऱ्याला वाटलं, इथे आपण एकटे नाही. कुणीतरी फार मोठं आपल्याला सांभाळून आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचा दगड हलला. पहारीच्या घावांनी झरा फुटला, पाणी त्याच्या पायांशी खेळू लागलं.

दोर वर आला. म्हाताऱ्याला काठावर घ्यायला त्या माणसाने हात पुढे केला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"हा हात नको, काका. ह्याच हाताने..."

"ठाऊक आहे मला," म्हातारा म्हणाला. "तोच दे, लेकरा."

त्या माणसाने हात दिला. काठावरच्या बायाबापड्यांनी नकळत गुडघे टेकले.

तात्पर्य: ज्याने आपलं सर्वस्व नेलं, त्यालाही क्षमा करता येते. ते बळ आपल्यापाशी नसतं. ते देवाकडे मागावं लागतं, आणि मागणाऱ्याला मिळतं.