ठिपक्या म्हणतो, फडकं होणार नाही

डोंगरावर एक घर होतं. घरात सारखं धुकं शिरायचं. दोरीवर कपडे वाळायचेच नाहीत. म्हणून घरात एक ड्रायर होता. ढोल्या, पांढरा, गोल दाराचा. ओले कपडे पोटात घ्यायचा, घुर्र घुर्र फिरवायचा आणि गरम गरम बाहेर द्यायचा.

पण आज कपडे निघाले ओलसर. आणि रेवूचा मोजा निघाला एकच. लाल लाल, पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याचं नाव ठिपक्या. त्याचा जुळा भाऊ आतच राहिला.

रेवू म्हणाली, "आत्या, माझा एक पाय गार."

आत्या म्हणाली, "एकटा मोजा काय कामाचा? दुसरा मिळाला नाही, तर संध्याकाळी याचं फडकं करते. ओटा पुसायला."

ठिपक्याची टाच ताठ झाली. ओटा पुसायचा? त्याने?

"मी फडकं होणार नाही," ठिपक्या म्हणाला. आणि निघाला.

पचक पचक पचक. ठिपक्या ड्रायरकडे गेला.

"ड्रायरदादा, ड्रायरदादा, माझा भाऊ दे."

"नाही देणार," ड्रायर नाकातून बोलला. "माझं नाक चोंदलंय. जाळी निघाल्याशिवाय मी देणार नाही."

"नाही तर नाही. मी फडकं होणार नाही."

पचक पचक पचक. ठिपक्या जाळीकडे गेला. जाळी बसली होती ड्रायरच्या दारापाशी, एका खणात. तिच्या अंगावर कपड्यांतून सुटलेला कापूस. राखाडी, मऊ, जाडजूड. दुलई पांघरल्यासारखा.

"जाळीताई, जाळीताई, बाहेर नीघ. ड्रायर देईना, माझा भाऊ मिळेना."

"नाही निघणार," जाळी जांभई देत म्हणाली. "ब्रशने घासल्याशिवाय मी निघणार नाही."

"नाही तर नाही. मी फडकं होणार नाही."

पचक पचक पचक. ठिपक्या ब्रशकडे गेला. जुना टूथब्रश होता तो. दात घासून घासून म्हातारा झालेला. आता खिडकीतल्या डब्यात राहायचा.

"ब्रशआजोबा, ब्रशआजोबा, घासा ना. जाळी निघेना, ड्रायर देईना, माझा भाऊ मिळेना."

"नाही घासणार," ब्रश म्हणाला. "मला काय पाय आहेत? आत्या उठल्याशिवाय मी घासणार नाही."

"नाही तर नाही. मी फडकं होणार नाही."

पचक पचक पचक. ठिपक्या आत्याकडे गेला. आत्या ओलसर कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती.

"आत्या, आत्या, ऊठ ना. ब्रश घासेना, जाळी निघेना, ड्रायर देईना, माझा भाऊ मिळेना."

"नाही उठणार," आत्या म्हणाली. "चालू मशीनमध्ये कुणी हात घालतं का? बटण बंद झाल्याशिवाय मी उठणार नाही."

"नाही तर नाही. मी फडकं होणार नाही."

पचक पचक पचक. ठिपक्या बटणाकडे गेला. बटण होतं एका रुमालाखाली, अंधारात. लाल लाल लुकलुकत होतं.

"बटणराव, बटणराव, बंद व्हा. आत्या उठेना, ब्रश घासेना, जाळी निघेना, ड्रायर देईना, माझा भाऊ मिळेना."

"नाही होणार," बटण म्हणालं. "माझा दम कोंडलाय. रुमाल हलल्याशिवाय मी बंद होणार नाही."

"नाही तर नाही. मी फडकं होणार नाही."

पचक पचक पचक. आणि एक मोठ्ठी उडी. ठिपक्या ड्रायरच्या डोक्यावर चढला. तिथे रुमाल पसरला होता. आत्यानेच विणलेला, क्रोशाचा. टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, मग ड्रायरवर नको? त्याची झालर दारापर्यंत लोंबायची. बटण झाकलं, जाळी झाकली. दिसतच नाही, ते साफ कोण करणार? सांगा बरं.

"रुमालशेठ, रुमालशेठ, बाजूला व्हा. बटण बंद होईना, आत्या उठेना, ब्रश घासेना, जाळी निघेना, ड्रायर देईना, माझा भाऊ मिळेना."

"मी नाही हलणार," रुमाल म्हणाला. "पाहुणे येतात, माझं कौतुक करतात. तू रे कोण? संध्याकाळचं फडकं."

असं म्हणाला तो. ठिपक्याला असा राग आला, असा राग आला, की तो आणखीच लाल झाला.

झालरीचा एक धागा सुटला होता. ठिपक्याने तो पकडला. सर्र! एक टाका उसवला.

"मी फडकं होणार नाही. हलता, की ओढू?"

सर्र! आणखी एक टाका.

"अरे अरे, थांब," रुमाल म्हणाला. "हललो. हललो बाबा."

मग काय!

रुमाल हलला, सळ्ळ.
बटण बंद झालं, टक.
आत्या उठली. तिने प्लगसुद्धा काढला.
ब्रश घासू लागला, खर्र खर्र खर्र.
जाळी निघाली, सुळ्ळ.
आणि ड्रायर शिंकला, आऽऽक्छी!

खणातून कापसाचा गोळा बाहेर उडाला. गोळ्यात काहीतरी लाल होतं. पांढऱ्या ठिपक्यांचं.

"दादा," गोळ्यातून आवाज आला.

"आलो," ठिपक्या म्हणाला.

आत्याने कापूस पाहिला. केवढा तो कापूस! ती म्हणाली, "अगंबाई, माझ्याच रुमालाने झाकला होता की. चुकलं माझं, ठिपक्या. आता कपडे काढले की लगेच जाळी साफ."

रुमाल टेबलावर गेला. तिथेही पाहुणे येतात.

ड्रायरचं नाक मोकळं झालं. जाळी परत बसली, प्लग लागला. घुर्र घुर्र, दोन्ही मोजे वाळले. गरम गरम मोजे रेवूच्या पायांत गेले.

"दोन्ही पाय गरम," रेवू म्हणाली.

आणि ओटा? ओटा पुसला बाबांच्या जुन्या बनियनने.

दोन मोज्यांची गोष्ट दोन पायांवर आली. थप थप थप, नाचत नाचत संपली. पण संपायच्या आधी ठिपक्या ओट्यासमोरून दोनदा गेला. मुद्दाम.