राजा गेला म्हणजे कुठे गेला?

पूर्वी वाराणसीत यशोदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. नदीपलीकडच्या डोंगरी मुलखाला धान्य पुरवायचे ते वाराणसीनेच, आणि तिथे गादीवर कोण बसणार यात नाक खुपसायचे तेही वाराणसीनेच.

एके दिवशी त्या मुलखातली नंदिका नावाची म्हातारी नावाडीण दरबारात आली. म्हणाली, "महाराज, आमच्याकडे लोक राजावर उठले. राजा गेला." आणि हुंदका आल्याने थांबली.

झाले! पुढचे ऐकतो कोण? राजा मेला असे समजून पुरोहिताने सुतकाची पांढरी वस्त्रे मागवली. एक मंत्री म्हणाला, नव्या राजाला मानाचे पागोटे पाठवा. नवा राजा कोण हे कुणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा तीन पागोटी काढली. सेनापती बलसेन म्हणाला, "सैन्य पाठवू. तोवर धान्याच्या नावा बंद." राजा बिचारा सगळ्यांनाच हो म्हणाला. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता, आणि भरलेल्या नावा घाटावर बांधलेल्याच पडून राहिल्या.

बलसेन बोधिसत्त्वाच्या कानाशी लागला. "मोहीम होऊ द्या, अमात्य. तिथला कारभार तुम्हालाच मिळेल."

बोधिसत्त्व उठून म्हातारीजवळ जाऊन बसला. "आजी, राजा गेला म्हणजे कुठे गेला हो?"

"कुठे म्हणजे? तुमच्याकडेच आला की!" ती चिडून म्हणाली. "मीच होडीतून सोडलाय त्याला, या सेनापतींच्या दारात. मी धान्य मागायला आले होते. माझी नात तिकडे भुकेने रडतेय, आणि तुम्ही पागोटी कसली काढताय!"

बलसेन खाली बघू लागला. राजाने डोक्याला हात लावला. "अमात्य, मला काही कळेनासं झालंय. गादीवर बसवायचं तरी कुणाला?"

"ते मलाही कळत नाही, महाराज. आलेला राजा पाहुणा आहे, त्याला जेवू घाला. पण त्याच्यासाठी सैन्य नको. गादीचं तिथले लोक त्यांचं ते बघतील. पोर उपाशी आहे, एवढं मात्र कळलं."

राजाने मान डोलावली. बोधिसत्त्वाने स्वतः घाटावर जाऊन नावांचे दोर सोडले.

भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "तेव्हाचा राजा यशोदत्त म्हणजे आजचा आनंद, बलसेन म्हणजे आजचा देवदत्त, आणि अमात्य मी होतो."

"आणि तो दरबार?" एका भिक्षूने विचारले.

शास्ते हसले. "तो तुम्ही. आत्ताही दारात एक उपाशी माणूस उभा आहे, आणि तुम्ही सकाळपासून तो कुठल्या मुलखाचा यावर वाद घालताय."

भिक्षू ओशाळले आणि आपापली भिक्षापात्रे घेऊन दाराकडे धावले. कळत नाही ते कबूल करावे आणि कळले तेवढे लगेच करावे, यालाच प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची पराकाष्ठा, म्हणतात.