मागावरचे कापड

फार पूर्वी तगर नगरावर एका वृद्ध राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका रंगाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव उदयक. नीळ कालवून कालवून त्याचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते. सकाळी तो सूत रंगवी आणि दुपारनंतर मरणाला टेकलेल्या माणसांच्या उशाशी जाऊन बसे. औषध त्याला ठाऊक नव्हते, मंत्रही नव्हता. कुणी बोलले तर तो ऐके, कुणी रडले तर उठून जात नसे.

त्याच नगरात धनिल आणि भद्रक हे दोघे विणकर भाऊ राहत. आईबाप लवकर गेले, म्हणून धनिलनेच धाकट्याला वाढवले होते. त्या धनिलच्या छातीत दुखणे शिरले आणि वैद्यांनी आशा सोडली. विणकरांची रीत अशी, की मरणाऱ्याच्या मागावरचे कापड त्याच्या सख्ख्या माणसाने कापून उतरवायचे आणि त्याच्या अंगावर घालायचे. मग त्याचा जीव सुखाने जातो. भद्रकने त्यातून भलताच अर्थ काढला. कापड उतरलेच नाही, तर दादा जाईलच कसा? तो दादाच्या मागावर बसला आणि विणतच राहिला. आतून धनिल हाका मारी. भद्रक धोटा आणखी जोरात फेकी.

चौथ्या दिवशी उदयक आला. बराच वेळ तो धनिलपाशी बसला, मग मागाकडे आला.

"दादा वाचेल ना?" भद्रकने मान वर न करता विचारले.

"नाही."

"मग आलास कशाला? निळ्या हातांचा यमदूत! हा माग घे, घर घे, पण त्याला वाचव."

"वाचवणं मला येत नाही, बाबा. नुसतं जवळ बसतो मी."

"बस मग बाहेर जाऊन!"

उदयक तिथेच, विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसला. भद्रकने त्याला आणखी शिव्या दिल्या. त्या संपल्यावर त्याला रडू फुटले. उदयकने त्याला गप्प केले नाही. रडणे ओसरल्यावर तो म्हणाला, "तुझा भाऊ पडल्या पडल्या मागाचा आवाज ऐकतोय. म्हणतो, याची किनार सैल पडतेय. गोणपाट विणतोय बहुतेक."

"गोणपाट?" भद्रक ताडकन उठला आणि तरातरा आत गेला. "दादा, किनार सैल नाहीये!"

"आहे. तू पहिल्यापासून घाईचाच."

"मग ऊठ आणि तूच वीण!"

बोलून गेल्यावर भद्रकने जीभ चावली. धनिलला हसू आले, हसता हसता खोकला आला, आणि त्याने भावाचे मनगट धरले. "गाढवा, चार दिवस हाका मारतोय. कापडाचं काय घेऊन बसलास? मला तू हवा होतास."

भद्रक खाली बसला तो दोन दिवस हलला नाही. त्याने भावाला चमच्याने पाणी पाजले, अंग पुसले, आईचा चेहरा कसा होता ते विचारून घेतले. त्याला डुलकी लागली की उदयक पंखा हाती घेई.

तिसऱ्या सकाळी धनिल म्हणाला, "आता उतरव."

उदयकने कापड ताणून धरले. कात्री भद्रकनेच चालवली. अंगावर घातलेले कापड चाचपून धनिल म्हणाला, "ऊब आहे रे." दुपारी भावाच्या हातात हात ठेवून तो गेला.

काही दिवसांनी भद्रक रंगाऱ्याच्या दाराशी आला. "तू आला नसतास, तर तो हाका मारत गेला असता आणि मी विणत बसलो असतो. तुझे उपकार कसे फेडू?"

"जेवलास का?" उदयकने विचारले.

भद्रक जेवला नव्हता. भाऊ गेल्यापासून त्या दिवशी, त्या घरी, तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

विहारात जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धनिल म्हणजे आज कडेच्या कुटीत आजारी पडलेला थेर, आपला वडीलधारा भिक्षू. भद्रक म्हणजे त्याची सेवा करणारा, इथे डोळे पुसत बसलेला हा तरुण भिक्षू. उदयक रंगारी मीच होतो."

जो निघाला आहे त्याच्याशी खोटे न बोलता, आणि जो मागे राहणार आहे त्याच्यावर न रागावता, दोघांपाशी थांबणे, ही करुणा.