पेव राखणारा आणि दमलेला चिटणीस

एका डोंगराळ राज्यात अंतोबा नावाचा चिटणीस होता. चाळीस वर्षं त्याने दरबारात लेखणी चालवली होती, आणि ही गोष्ट घडली तेव्हा तो इतका दमलेला होता की सकाळची पहिली जांभई संपायच्या आत त्याला दुसरी यायची.

दोन राजे पाहून झाले होते आणि तिसरा चालू होता. गादीवर बसल्यावर वर्षा-दोन वर्षांत प्रत्येकाला एकच शोध लागायचा, "आपल्या पदरी माणसं फार झाली!" पहिल्या राजाने सगळ्या म्हाताऱ्यांना घरी पाठवलं. मग गडाची वाट पावसात कुठे खचते ते सांगायला कुणी उरेना, म्हणून त्याच म्हाताऱ्यांना मेण्यात बसवून परत आणावं लागलं. दुसऱ्याने सगळ्यांना रांगेत उभं करून दर तिसरा माणूस काढला. तिसऱ्या जागी नेमका राजवैद्य उभा होता. दर खेपेला काढलेली माणसं चार दिवसांनी परत यायची, येताना मेव्हण्या-भाच्यांनाही घेऊन यायची आणि गर्दी होती त्याहून वाढायची. त्या सगळ्या याद्या अंतोबानेच लिहिल्या होत्या आणि त्यानेच खोडल्या होत्या.

आता खोटं कशाला बोला, माणसं खरोखरच फार झाली होती. राजाचा हत्ती मरून सात वर्षं लोटली होती, तरी त्याचा माहूत रोज सकाळी हजेरी लावत होता. छत्री धरणारे अकरा जण होते आणि राजाला डोकं एकच. त्यात पाऊस दोन वर्षं ओढ देत होता आणि शेतसारा वसूल होत नव्हता. काटछाट करायला हवीच होती. त्यासाठी राजाने लांबच्या बंदरावरून एक नवा दिवाण आणवला.

दिवाण काही वाईट माणूस नव्हता. हुशार होता, हाताचा स्वच्छ होता, फक्त घाईत होता. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा. आल्या आल्या त्याने दवंडी पिटवली की, प्रत्येकाने चौकात यावं आणि गेल्या आठ दिवसांत काय काम केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. ज्याला सांगता येईल तो राहील, ज्याला येणार नाही त्याने घरची वाट धरावी.

दवंडी ऐकली आणि अंतोबाने हातातली लेखणी खाली ठेवली. त्या मुलखाची एक रीत होती, ती बंदरावरच्या माणसाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिथे चांगला कामकरी आपल्या कामाबद्दल चकार शब्द काढत नसे. आपलं काम आपणच सांगणं म्हणजे पंगतीत उठून आपल्या पानावर आपणच तूप वाढून घेणं. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "काही नाही, चाललंय आपलं." मग शेजारी जो कुणी असेल त्याने सांगायचं की, अहो, देवळाचा कळस ह्यानेच चढवलाय बरं! बापजाद्यांपासून असंच चालत आलं होतं आणि त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं.

चौकात दिवाणाच्या शेजारी अंतोबा बसला. त्याच्यापुढे लोक येत आणि "काही नाही, सरकार" म्हणून खाली मान घालून उभे राहत. पहिल्या दिवशी अंतोबाने रीत पाळली. नदीवरचा नावाडी आला तेव्हा तो म्हणाला, "दिवाणजी, ह्याने तीन वर्षांमागच्या पुरात सबंध वाडी पलीकडे काढली."

"असं?" दिवाण म्हणाला. "मग लेखी द्या. कोणत्या दिवशी, किती माणसं, साक्षीदार कोण. उद्या सकाळी."

अंतोबाने चार कागद लिहिले. नावाडी राहिला, पण अंतोबाची मान धरली. दुसऱ्या दिवशी तो दोघांसाठी बोलला आणि त्याला नऊ कागद लिहावे लागले. तिसऱ्या दिवशी तो चौकात येऊन बसला तेव्हाच त्याने मनाशी म्हटलं की, होऊ दे काय व्हायचं ते. आपण कितीही कागद लिहिले तरी नव्याचे नऊ दिवस, आज ना उद्या सगळे परत येणारच आहेत.

त्या दिवशी आधी हत्तीचा माहूत आला. त्याला कसली लाज नव्हती. "सोमवारी साखळदंडाला तेल दिलं, सरकार. मंगळवारी अंबारी झाडली. बुधवारी हत्तीखान्यात धुरी घातली..." असं करत तो रविवारपर्यंत पोचला. हत्ती आहे का, असं दिवाणाने विचारलं नाही, कारण इतकं काम असलेल्या माणसाकडे हत्ती नसेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माहूत राहिला. अंतोबाने नुसती लेखणी झटकली.

मग आला सुभाना.

सुभाना पेवं राखायचा. दरबाराच्या मागच्या अंगणात बावीस पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. दुष्काळासाठी त्यात ज्वारी भरून तोंड लिंपून ठेवायची. पण बंद पेवात वाईट हवा साठते. उघडल्या उघडल्या कुणी आत उतरला तर तो वर येत नाही. कुठलं पेव किती वेळ उघडं ठेवायचं, वाईट हवेत विझणारा दिवा दोरीने कुठवर सोडून बघायचा, आतली हवा कशी हलवायची, हे एकट्या सुभानाला माहीत होतं. पेव उघडायची वेळ वर्षातून तीन-चारदा यायची. एरवी तो कट्ट्यावर बसून असायचा, कुठे लिंपण तडकलंय का, कुठे पाणी मुरतंय का ते बघत. सुभाना पेवावर आल्यापासून, म्हणजे तीस वर्षांत, तिथे एकही माणूस दगावला नव्हता. आणि तीस वर्षं दुपारची भाकरी तो आणि अंतोबा एकाच कट्ट्यावर बसून खात आले होते.

"आठ दिवसांत काय केलंस?" दिवाणाने विचारलं.

"काय न्हाई, सरकार," सुभाना म्हणाला. "बसून हाय आपला."

"निदान खरं तरी बोललास." दिवाण हसला आणि अंतोबाकडे वळला. "काय हो चिटणीस, हा म्हणतो ते बरोबर का?"

सुभाना निर्धास्त उभा होता. आता अंतूदादा सांगेल, ह्यात त्याला काडीची शंका नव्हती. अंतोबाने त्याच्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं. अजून साठ माणसं उभी होती. पेवाचं सांगायचं तर बावीस पेवांचे बावीस कागद. मान ठणकत होती. आणि सुभानाला जावं लागलं तरी तो परत येणारच की, सगळेच येतात.

"बसून असतो खरा," अंतोबा म्हणाला.

ते खोटं नव्हतं. दिवाणाने नावावर रेघ मारली.

सुभाना मुजरा करून चौकातून निघून गेला. संध्याकाळी तो दिवा आणि दोरी घेऊन अंतोबाच्या ओसरीवर आला. "हे ठेवून घे, दादा. मी लेकीच्या गावाला निगालो. आन् पेव उघडलं की लगेच कुनाला उतरू देऊ नगंस. नवव्यात पानी मुरतंय, त्यात तर..."

"माहीत आहे रे मला," अंतोबा म्हणाला. त्याला फार वेळ सुभानाकडे बघवत नव्हतं. "ठेव तिथं. मी लिहून ठेवतो सगळं."

त्याला लिहून ठेवायचं होतंही. पण त्या आठवड्यात यादी पक्की करायची होती, पुढच्या आठवड्यात मान जास्तच धरली, आणि मग ते राहूनच गेलं.

काटछाट झाली. राजा खूश झाला, दिवाणाला शेला मिळाला. त्या वर्षी पाऊस तिसऱ्यांदा फिरला. कार्तिकात गावोगावच्या कणग्यांनी तळ गाठला आणि राजाने हुकूम दिला, "पेवं उघडा, लोकांना ज्वारी वाटा."

दिवाण त्याच दिवशी हमाल घेऊन अंगणात आला. अंतोबाही किती पोती निघतात ते लिहायला आला होता. उघडायला सगळ्यात सोयीचं नववं पेव होतं, वाटेला लागून. तोंडावरचं लिंपण फोडलं तशी कुबट वाफ वर आली.

"थोडं थांबावं लागतं," अंतोबा म्हणाला.

"किती?" दिवाणाने विचारलं. "बाहेर लोक उपाशी उभे आहेत. किती थांबायचं ते सांगा, तेवढं थांबू."

अंतोबाला ते ठाऊक नव्हतं. घटकाभर? दिवसभर? तीस वर्षं त्याने सुभानाशेजारी भाकरी खाल्ली होती, पण हे कधी विचारलं नव्हतं. त्याने घाईघाईने सुभानाचा दिवा दोरीला बांधून आत सोडला. पुरुषभर, म्हणजे माणसाच्या उंचीइतका, खाली गेला तरी दिवा जळत होता.

"जळतोय की," दिवाण म्हणाला. "उतरा."

पेव तीन पुरुष खोल होतं, आणि मागच्या दोन वर्षांत उपसून ज्वारी तळाशी गेली होती. दिवा तळापर्यंत सोडायचा असतो, हे सांगणारा माणूस लेकीच्या गावाला होता.

पिराजी नावाचा हमाल खाली उतरला. शिडीच्या मधल्या पायरीवर त्याने काहीतरी म्हटलं, मग धप्प आवाज आला. हाका मारल्या, ओ नाही. त्याचा धाकटा भाऊ तुळशा "दादा, दादा" म्हणत कुणी धरायच्या आत शिडीवरून सरसर खाली गेला. तोही वर आला नाही.

त्यानंतर एकही माणूस कुठल्याच पेवाच्या जवळ जाईना. पायाखाली बावीस पेवांत ज्वारी आणि वर उपाशी लोक, असे चार दिवस गेले. बैल गेला आणि झोपा केला, तसा दिवाणाने सुभानाला आणायला घोडा पाठवला. सुभाना आला, पेवाशी उकिडवा बसला आणि दोन दिवस त्याने कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. निंबाच्या डहाळ्यांची जुडी दोरीला बांधून तो ती पेवात खालीवर करत राहिला. मग दिवा तळाशी टेकवला. तो जळत राहिला तेव्हा सुभाना स्वतः उतरला आणि दोघा भावांचे देह त्याने दोरीने वर पाठवले. मग एकेक करून सगळी पेवं उघडली. त्याच्या देखरेखीत कुणालाही इजा झाली नाही.

राजाने त्याला बोलावलं. दिवाण होता, अंतोबा होता, आणि कोपऱ्यात त्या दोघा भावांची आई बसली होती.

"एवढं मोठं काम तू करत होतास," राजा म्हणाला, "तर त्या दिवशी चौकात सांगितलं का नाहीस?"

सुभाना गोंधळला. "आपल्याच तोंडानं कसं सांगायचं, म्हाराज? अंतूदादा बसलं व्हतं की शेजारी. त्यांस्नी समदं ठावं व्हतं."

सगळ्यांनी अंतोबाकडे पाहिलं. दिवाणानेही पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला कुठे जायची घाई दिसली नाही.

अंतोबाला पुष्कळ सांगता आलं असतं. नियम दिवाणाचा होता, हुकूम राजाचा होता. पण त्याच्या तोंडून खरं तेच निघालं. "मी दमलो होतो, महाराज."

ती म्हातारी भिंतीला धरून उठली.

"माजी पोरंबी दमली व्हती, बाबा," ती म्हणाली. "सकाळधरनं पोती वाहत व्हती दोगं. तरी उतरली."

काढलेली माणसं यथावकाश परत आली, मेव्हण्या-भाच्यांसकट. पिराजी आणि तुळशा तेवढे आले नाहीत.

ह्या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: माणसं कमी करावी लागली तर जरूर करावीत, पण कोण काय करतो हे ज्याला ठाऊक आहे त्याने दमलो म्हणून गप्प बसू नये. त्याला तेवढाच विसावा मिळतो, आणि जीव दुसऱ्याचा जातो.