साळूबाईच्या पाठीवरची शाल

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. बरं, नव्वद धरा. मी तिथं नव्हतो. ज्यानं मला सांगितली तोही नव्हता. पण आम्हा दोघांचं म्हणणं तंतोतंत जुळतं, याहून मोठा पुरावा काय हवा?

तर फार फार वर्षांपूर्वी एका जंगलात ओढ्याच्या अलीकडे वाघोबा राजाचा दरबार होता आणि पलीकडे पाठशाळा. दरबारातले ठरवायचे. पाठशाळेतले अभ्यास करायचे. ओढा इतका उथळ, की बेडकाच्या पिल्लानंही चालत पार करावा. पण पिढ्यान् पिढ्या विचारायला किंवा सांगायला म्हणून तो कुणी ओलांडला नव्हता. ठरवणाऱ्यांना वाटे, या अभ्यासवाल्यांना व्यवहार कळत नाही. अभ्यासवाल्यांना वाटे, कुणी विचारल्याशिवाय सांगायला जाणं बरं दिसत नाही.

एकदा वाघोबाच्या मनात आलं, की राज्य जाणकारांना विचारून चालवावं. विचार फारच चांगला होता. म्हणून तो मोराकडे सोपवण्यात आला.

मोर म्हणाला, विद्वान दरबारात आला की आधी त्याचा मान राखला पाहिजे. त्यानं क्रमच लावून दिला. परिचय, शाल, फराळ, मग विद्वानाचे दोन शब्द, मग आभार. आणि आभार झाले की कुणी तोंड उघडायचं नाही, खुद्द राजानंसुद्धा.

त्याच सुमारास हत्ती प्रधानाला डुंबायला जागा हवी होती. त्याला सशांचं कुरण आवडलं. मग सशांना टेकडीच्या पायथ्याशी हलवायचं ठरलं. जागा बघायला कुणी गेलं नाही. लांबून ती हिरवीगार दिसत होती, तेवढं पुरे झालं.

आता पाठशाळेत साळूबाई नावाची एक साळिंदर होती. त्या टेकडीच्या पोटात बिळं खणून माती तपासण्यात तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं. वर भुसभुशीत माती, खाली चिकणमातीचा थर. तो थर पाणी प्यायला की शेवाळासारखा निसरडा होणार आणि टेकडी सशांच्या डोक्यावर येणार, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं.

नुकतीच व्यालेली एक सशीण तिच्याकडे आली. साळूबाईनं तिला सगळं समजावलं. सशीण म्हणाली, "मावशी, मला पटलं गं. पण हुकूम मोडला तर लांडगे सोडतील अंगावर. तू दरबारात सांग. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकतील."

साळूबाईनं ओढा ओलांडला.

मोरानं परिचय करून दिला. त्यात तिच्या आजोळापर्यंत सगळं आलं, फक्त टेकडी राहिली. मग शाल. ती काट्यांत अशी अडकली, की सोडवायला दोन अस्वलं लावावी लागली. मग फराळ. तोवर प्रधानाला घाई झाली, म्हणून दोन शब्द वगळून थेट आभार मानण्यात आले.

"महाराज, टेकडी..." साळूबाई म्हणाली.

"बाई," मोर हळू आवाजात म्हणाला, "आभार झालेत."

दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, शाल नको, नुसतं बोलू द्या. दरबार हादरला. शाल नाकारली म्हणजे राजाचा अपमान. तिला बाहेर बसवलं. निघताना मोर मात्र आपुलकीनं सांगून गेला, की पाठ जरा गुळगुळीत असती तर सगळं किती सोपं झालं असतं.

तिकडे आभाळ भरून आलं होतं. ससे पायथ्याशी नवी बिळं उकरत होते.

साळूबाई घरी गेली आणि तिनं स्वतःचे काटे उपटून काढले. एकेक करून, सगळे. हसू नका. दुखतं ते.

तिसऱ्या खेपेला शाल अशी चापूनचोपून बसली, की मोराच्या डोळ्यांत पाणी आलं. फराळ वेळेवर उरकला. अखेर तिला दोन शब्द मिळाले. ती म्हणाली, "टेकडीखालून सशांना आजच हलवा. पाऊस मुरला की ती खाली येणार."

मग प्रधानानं विचारलं, "या बाई कोण?"

मोर म्हणाला, "साळिंदर."

"मग काटे कुठायत?"

प्रधानानं शांतपणे हिशेब मांडला. काटे नाहीत म्हणजे साळिंदर नाही. साळिंदर नाही म्हणजे जाणकार नाही. मग हिला बोलू कुणी दिलं? शेवटी ठरलं, की बाईंना काटे परत फुटेपर्यंत विषय पुढे ढकलावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाघोबानंही.

बाहेर पाऊस कोसळायला लागला होता. साळूबाई उघड्या पाठीनं धावत सुटली. बिळाबिळाशी जाऊन तिनं ससे बाहेर काढले. हुकूम, लांडगे, कशाची पर्वा केली नाही. सशिणीनं पिल्लं एकेक करून तोंडात धरून वर आणली. धाकट्याला आणायला ती वळली, तेवढ्यात टेकडी खाली आली.

धाकटं आतच राहिलं.

पाऊस उघडल्यावर दरबार पाहणीला आला. वाघोबा ढिगाऱ्याकडे बघत म्हणाला, "एवढं होणार होतं, तर आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

सशीण पुढे झाली. तिला आता लांडग्यांचीही भीती उरली नव्हती.

"सांगायला आली होती की ती, महाराज. तीनदा आली. तुम्ही सगळे तिच्या पाठीकडे बघत बसलात. तोंडाकडे कुणी बघितलंच नाही."

वाघोबानं मान खाली घातली. हत्ती डुंबायला निघून गेला.

त्याच दिवशी ससे ओढा ओलांडून पाठशाळेशेजारी राहायला गेले. मागोमाग हरणं गेली, मग माकडं, मग अस्वलं. दरबार अजूनही रोज भरतो म्हणतात. ठराव होतात, एकमतानं. फक्त ते ज्यांच्यासाठी करायचे, ते तिथं कुणी उरलेलं नाही.

तात्पर्य: जाणत्याचा खरा मान त्याचं ऐकण्यात आहे, आणि ज्याला ऐकायचंच नसतं तोच सत्कार लांबवतो.

चला, बिदागी काढा. फुटाणे चालतील, गूळ चालेल. कौतुक चालणार नाही.